दाखला पाहा, ठेवू नका

इंग्लंडमधल्या मुलांच्या फुटबॉलमध्ये सगळे काही एका मध्यरात्रीवर ठरते. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री मुलाचे वय किती भरते, त्यावर तो पुढचा सबंध हंगाम कोणत्या गटात खेळणार हे अवलंबून असते. ३१ ऑगस्टला जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत लहान ठरतो आणि १ सप्टेंबरला जन्मलेला त्याच्या खालच्या गटात सर्वांत मोठा. स्कॉटलंडमध्ये हीच रेघ १ जानेवारीला आखलेली आहे. रेघ कुठे आखावी यावर वाद घालता येईल, पण ती हवीच. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारायला शिकवणे थांबवले. २०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये सात ते नऊ वर्षांखालील गटांच्या सामन्यांतूनही हेडिंग काढायला सुरुवात झाली. क्रिकेटमध्ये कोवळ्या वेगवान गोलंदाजाने दिवसाला किती षटके टाकावीत हे वयावर ठरते. रग्बीत लहानग्यांना आधी कमरेची पट्टी ओढायला शिकवतात, अंगावर जाऊन अडवणे पुढच्या वयात येते. हे सगळे नियम मुलांचा मेंदू, पाठ आणि मान वाचवण्यासाठी आहेत, आणि वय ठाऊक नसेल तर त्यांतला एकही पाळता येत नाही. तेव्हा वय विचारावे की नाही, हा इथला प्रश्न नाही. वयाचा पुरावा म्हणून मागवलेल्या कागदाचे पुढे काय होते, हा आहे. आणि ब्रिटनमधल्या क्रीडासंस्थांनी या दुसऱ्या प्रश्नाकडे पहिल्याच्या मानाने फारच कमी लक्ष दिले आहे, असे माझे मत आहे.

नोंदणीची यंत्रणा आता बरीचशी संगणकावर आली आहे. फुटबॉल असोसिएशनच्या ‘होल गेम सिस्टीम’मध्ये प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक मिळतो, त्याच्या नावासमोर जन्मतारीख आणि छायाचित्र चढते. पण या व्यवस्थेच्या तळाशी अजूनही एक माणूस असतो: क्लबचा सचिव, बहुधा कुणाचा तरी बाप किंवा आई, बिनपगारी काम करणारा. जन्मतारखेचा पुरावा त्याच्यापर्यंत कसा पोहोचावा याची रीत लीगगणिक बदलते. कुठे दाखला डोळ्यांनी पाहिल्याची खूण पुरते, कुठे प्रत हवी असते. प्रत हवी म्हटली की ती ईमेलने येते, व्हॉट्सॲपवर येते, आणि सचिवाच्या खासगी फोनमध्ये त्याच्या घरच्या फोटोंशेजारी पडून राहते. सचिव बदलतो, फोन बदलतो, प्रत मात्र कुठल्या तरी क्लाउडमध्ये राहून जाते. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. म्हणूनच हे वर्षानुवर्षे चालू राहते.

आणि त्या कागदावर असते काय? इंग्लंड-वेल्समधल्या पूर्ण जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आणि जन्मतारीख तर असतेच, शिवाय आईवडिलांची नावे, त्यांचे व्यवसाय आणि नोंद करणाऱ्याचा पत्ता असतो. वडिलांचा रकाना कोरा असेल तर तोही बोलतो. या देशाला ही गोष्ट एकदा नीट कळली होती. १९४७ मध्ये कायदा करून इथे आखूड दाखला आणला गेला. त्यावर आईवडिलांचा उल्लेखच नसतो. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला शाळेत किंवा नोकरीवर दाखला दाखवताना आपल्या जन्माची कहाणीही दाखवावी लागू नये, एवढ्यासाठी ती तजवीज होती. वय सिद्ध करायला जेवढे लागते तेवढेच दाखवायचे, हा विचार संगणकाच्या, माहिती संरक्षण कायद्याच्या कितीतरी आधी या देशाच्या दफ्तरात रुजला होता. आज मात्र पूर्ण दाखल्याचा किंवा पासपोर्टचा फोटो सहज मागितला जातो आणि सहज दिला जातो. ब्रिटिश जन्मदाखल्यावर एक सूचनाही छापलेली असते: हा दाखला ओळखीचा पुरावा नाही. अमुक दिवशी अमुक नावाचे मूल जन्मले एवढेच तो सांगतो. समोर उभे असलेले मूल तेच आहे हे सांगत नाही. म्हणजे जी प्रत वर्षानुवर्षे जपून ठेवायची, तिची सिद्ध करण्याची ताकद मुळातच मर्यादित आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल: वयाच्या पडताळणीत पाहणे पुरेसे असते, साठवणे बहुधा अनावश्यक असते, आणि धोका जवळजवळ सगळा साठवण्यात असतो. कायदाही याच बाजूने आहे. २०१८ पासून लागू असलेला माहिती संरक्षण कायदा आणि त्यासोबतची नियमावली दोन साध्या गोष्टी सांगते. कामापुरतीच माहिती घ्या, आणि काम झाल्यावर ती ठेवू नका. मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण हवे, असेही ती बजावते. अमुक मूल बारा वर्षांखालील गटात बसते का, या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. ते उत्तर, कोणता कागद पाहिला त्याचे नाव, पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची सही एवढी नोंद राहिली की पुढच्या हंगामात तीच पुन्हा वापरता येते. जन्मतारीख काही बदलत नाही.

हे अव्यवहार्य वाटत असेल, तर ब्रिटनमधल्याच एका चालू व्यवस्थेकडे पाहावे. मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस ही संस्था तपासते. तिचे प्रमाणपत्र क्लबला पाहायला मिळते, पण त्या संस्थेची आचारसंहिता सांगते की त्यातला तपशील गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, साधारणपणे सहा महिन्यांच्या पुढे नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख यांची नोंद राहते, कागद नष्ट होतो. एवढ्या गंभीर तपासणीत जर नोंद ठेवून कागद टाकून देता येतो, तर नऊ वर्षांच्या मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत का ठेवावी लागते? एकाच क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या खासगीपणाला लेखी मुदत आहे आणि त्याच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलाच्या खासगीपणाला अनेकदा नाही. ही उलटी रचना मला सर्वांत जास्त खटकते.

धोका काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये किडो या बालवाड्यांच्या साखळीची माहिती चोरीला गेली. सुमारे ८,००० मुलांचे तपशील हाती लागल्याचा दावा चोरट्यांनी केला, आणि खंडणीसाठी काही मुलांची छायाचित्रे, नावे आणि पत्ते इंटरनेटवर टाकले. त्याच्या पुढच्या महिन्यात डिस्कॉर्ड या संवादसेवेने जाहीर केले की, तिच्या वतीने काम करणाऱ्या एका कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत. त्यांतली अनेक ओळखपत्रे वयाबद्दलचा निर्णय बदलून घेण्यासाठीच लोकांनी पाठवली होती. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षा कायद्याखाली वयाच्या पडताळणीची सक्ती २५ जुलै २०२५ ला सुरू झाली होती, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ही बातमी आली. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर गावच्या क्लबच्या सामायिक ड्राइव्हचे काय सांगावे? चोरच हवा असेही नाही. घरातल्या हिंसेतून मुलांना घेऊन निघालेली आई नवा पत्ता लपवून राहत असते. तिच्या मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो आणि क्लबचे नाव एका ठिकाणी सापडले, तर तो मुलगा शनिवारी सकाळी कोणत्या मैदानावर असेल हे शोधायला फार वेळ लागत नाही. दत्तक गेलेल्या आणि सरकारी देखभालीत वाढणाऱ्या मुलांबाबतही हेच.

यावर एक आक्षेप असा येतो की इंग्लंड-वेल्समध्ये जन्मनोंद मुळात सार्वजनिकच आहे. कुणीही पैसे भरून कुणाच्याही दाखल्याची प्रत मागवू शकतो, मग लपवायचे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. गेल्या पन्नास वर्षांतला दाखला मागवायचा तर मागणाऱ्याला बरेच तपशील आधीच ठाऊक असावे लागतात. शिवाय नोंदणी कार्यालयातला दाखला एकटा असतो. त्याला चेहरा नसतो, शाळा नसते, आठवड्याचे वेळापत्रक नसते. क्लबच्या फाइलमध्ये हे सारे एकत्र येते.

सर्वांत जोरकस आक्षेप वयचोरीचा आहे, आणि भारतीय वाचकाला त्याचे गांभीर्य सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या किती लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकलेली. नोंदीची ही ढिलाई खेळात आली की तिची फसवणूक होते. पंधरा वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलाला टॅकल केले तर हाड मोडू शकते, आणि प्रामाणिक मुलाची संघातली जागा जाते ती वेगळीच. तेव्हा पडताळणी कडक हवी, हे मान्य. पण कडक म्हणजे काय? २००१ मध्ये अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉल स्पर्धेत न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला एक संघ एका असामान्य पिचरच्या जोरावर गाजला. बारा वर्षांचा म्हणून खेळलेला तो मुलगा चौदाचा होता. आयोजकांकडे जन्माचा कागद रीतसर दाखल होता आणि तो खोटा होता. पत्रकारांनी डोमिनिकन रिपब्लिकमधली मूळ नोंद शोधून काढली तेव्हा प्रकरण उघडे पडले. फाइलमध्ये प्रत असण्याने काहीच अडले नव्हते. शंका आली तेव्हा उपयोगी पडले ते मूळ नोंदीपर्यंत जाणे. याचा अर्थ असा की पहिली पडताळणी साधी, क्षणापुरती असावी, आणि खरी तक्रार आली तर त्या एकाच मुलाबाबत मूळ कागद पुन्हा मागवावा. हजार मुलांचे कागद साठवून ठेवल्याने त्या एका प्रकरणाचा निकाल सोपा होत नाही. त्या मुलाचे नाव तेव्हा जगभर छापले गेले. लबाडी मोठ्यांची होती, पण ते नाव कायमचे त्याला चिकटले. वयाच्या तक्रारीची चौकशी कशी करावी याचाही नियम हवा: ती बंद दाराआड व्हावी, आणि मुलाचे नाव पालकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरू नये.

कागदावर विश्वास नसेल तर शरीरालाच विचारू, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचा उगमही ब्रिटनमध्येच सापडतो, आणि ती हकीकत या विषयात विसरता येणार नाही. हार्टफर्डशायरमधल्या हार्पेंडेन गावी ‘नॅशनल चिल्ड्रेन्स होम’चे मोठे बालगृह होते. तिथल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास १९४९ ते १९७१ या काळात चालला. जेम्स टॅनर हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ आणि आर. एच. व्हाइटहाउस हे मापे घेणारे. मुलांची उंची-वजने ठरावीक काळाने घेतली जात आणि त्यांची विवस्त्र छायाचित्रेही काढली जात. पौगंडावस्थेच्या टप्प्यांची जी टॅनर श्रेणी आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ वापरतात, तिच्यामागे हे काम आहे. ज्ञान मौल्यवान आहे, यात वाद नाही. पण ज्यांच्या शरीरांतून ते आले, ती मुले आपल्या घरात नव्हती, आणि नको म्हणायला त्यांच्या वतीने उभे राहणारे कुणी नव्हते. याच दोघांच्या नावाने ओळखली जाणारी, मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढण्याची पद्धत आज भारतीय क्रिकेट मंडळ वापरते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीवर २०१२ पासून सोळा वर्षांखालील मुलांची छाननी होत आली आहे. अडचण अशी की हाडाचे वय आणि कॅलेंडरचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवकर वाढणारे प्रामाणिक मूल या चाचणीत मोठे ठरू शकते आणि उशिरा वाढणारे लबाड मूल सुटू शकते. फिफाने २००९ च्या नायजेरियातल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून क्ष-किरणांऐवजी एमआरआय वापरायला सुरुवात केली. कारण साधे होते: उपचाराची गरज नसलेल्या मुलावर किरणोत्सर्ग टाकणे नैतिक नाही. पण एमआरआयही फक्त वरची मर्यादा सांगतो. हाड पूर्ण जुळले असेल तर हा खेळाडू बहुधा सतराच्या पुढचा आहे, एवढेच. १ सप्टेंबरची रेघ त्याला दिसत नाही.

ब्रिटनच्या शनिवार-रविवारच्या फुटबॉलमध्ये कुणी मनगटाचे चित्र मागत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र व्यावसायिक क्लबांच्या अकादम्यांत शरीराची मोजमापे वेगळ्या वाटेने शिरली आहेत. बाथ विद्यापीठाचे शॉन कमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाच्या आधारे प्रीमियर लीगने साधारण २०१५ पासून मुलांना जन्मवर्षाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गटांत खेळवून पाहिले. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढ उंचीचा अंदाज बांधतात आणि तो त्या उंचीच्या किती टक्क्यांपर्यंत पोहोचला ते पाहतात. हेतू चांगला आहे. उशिरा वाढणाऱ्या गुणी मुलाला आपल्याएवढ्यांशी खेळण्याची संधी मिळते, आणि हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांना आपसूक मिळणारा फायदा कमी होतो. पण इथे वयाची माहिती आरोग्याची माहिती बनते. अकादमीतून नाव कमी झालेल्या मुलाची वर्षावर्षाची मोजमापे कोण ठेवते, किती दिवस ठेवते, ती दुसऱ्या क्लबकडे जातात का? अकादम्यांतली बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, म्हणून हा प्रश्न थोड्यांचा नाही, बहुतेकांचा आहे.

चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या संगणकी पद्धतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. अठराच्या आतला की बाहेरचा असा ढोबळ भेद करायला ती इंटरनेटवर वापरली जाते. खेळात जिथे एका दिवसाने गट बदलतो, तिथे वर्षा-दोन वर्षांनी चुकू शकणारा अंदाज निरुपयोगी आहे. आणि मुलांच्या चेहऱ्यांची ओळखयंत्रणा किती बेफिकिरीने बसवली जाते याचे उदाहरण समोर आहे: चेम्सफर्डच्या चेल्मर व्हॅली हायस्कूलने जेवणाचे पैसे वळते करायला मुलांचे चेहरे वापरले, आणि धोक्यांची आधी रीतसर तपासणी केली नाही म्हणून जुलै २०२४ मध्ये माहिती आयुक्त कार्यालयाने त्या शाळेला समज दिली.

आता सर्वांत नाजूक आक्षेप. मुलांच्या सुरक्षिततेसाठी क्लबकडे भरपूर नोंदी हव्यात, असे अनेक जण कळकळीने म्हणतात. ब्रिटिश फुटबॉलला ही कळकळ सहज आलेली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने लहानपणी प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल उघडपणे सांगितले आणि त्यामागून शेकडो जण बोलू लागले. क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९९५ नंतरच्या काळात मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था उभी करायला फुटबॉल असोसिएशनने फार उशीर लावला, असा त्याचा एक मुख्य निष्कर्ष आहे. पण त्या काळात काय कमी पडले होते? मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती कमी पडल्या नव्हत्या. प्रौढांवर नजर ठेवणारे, मुलांचे ऐकणारे आणि ऐकलेले वर कळवणारे कमी पडले होते. ज्या नोंदी सुरक्षिततेला खरोखर लागतात, म्हणजे तक्रारी, प्रशिक्षकांच्या नेमणुका, प्रवासात कोण कुणाबरोबर होते, त्या दीर्घकाळ जपल्याच पाहिजेत. पासपोर्टच्या फोटोला त्या यादीत जागा नाही. उलट मुलाचे नाव, चेहरा आणि जन्मतारीख जितक्या जास्त प्रौढांच्या हाती, तितके त्याला गाठणे सोपे. मुलाचे छायाचित्र छापताना सोबत पूर्ण नाव देऊ नये, हा सल्ला इथे क्लबांना नेहमी मिळतो. मग अनेक लीगमध्ये सामन्याआधी प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकाला दाखवल्या जाणाऱ्या कार्डावर नाव, चेहरा आणि जन्मतारीख हे तिन्ही एकत्र का असावे? त्या व्यवस्थापकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: समोरचे मूल हेच का, आणि ते या गटात नोंदलेले आहे का. छायाचित्र, नाव आणि गट एवढ्यावर हे भागते. जन्मतारीख पडद्यामागे राहू शकते.

आधीच कामाने वाकलेल्या स्वयंसेवकावर आणखी एक नियम लादू नका, असेही म्हटले जाते. पण इथे काम कमी होते. प्रत जपण्याची, कुलूप लावण्याची, कुणी मागितली तर शोधून देण्याची जबाबदारीच जाते. नोंदणीच्या दिवशी पालकाने दाखला आणावा, सचिवाने पाहावा, खूण करावी, परत द्यावा. ज्याला येता येत नाही त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवावा. शाळेकडे मुलाची जन्मतारीख असतेच. पालकांच्या परवानगीने शाळेने ‘हे मूल या गटात बसते’ असे एका ओळीत लिहून दिले तरी पुरावे. जून २०२५ मध्ये संमत झालेल्या माहिती वापर कायद्याने डिजिटल पडताळणी सेवांना कायदेशीर चौकट दिली आहे. जन्मतारीख न सांगता केवळ ‘होय, या दोन तारखांच्या मधली’ असे उत्तर देणारी सोय त्यातून उभी राहू शकते, आणि फुटबॉल असोसिएशनसारख्या श्रीमंत संस्थेने ती आपल्या खर्चाने उभी करायला हवी. स्मार्टफोन नसलेल्या पालकासाठी कागदाचा रस्ता मात्र उघडा राहिला पाहिजे. मुलांनाही या व्यवहारात बोलू द्यावे. स्कॉटलंडच्या कायद्यात बारा वर्षांच्या मुलाला आपल्या माहितीविषयीचे हक्क समजतात असे गृहीत धरले जाते. तेरा वर्षांच्या खेळाडूने ‘माझ्या पासपोर्टचा फोटो काढून टाका’ असे म्हटले, तर त्याला उत्तर कोण देणार हे क्लबच्या नोंदणी अर्जावरच लिहिलेले असावे.

एका गटाबाबत मात्र ‘पाहा आणि परत द्या’ एवढ्याने भागत नाही, आणि तो गट आपल्या वाचकांच्या घरातला आहे. स्लाऊ, हॅरो, मिल्टन कीन्स इथे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांतला दहा-अकरा वर्षांचा मुलगा साध्या स्थानिक क्लबमध्ये खेळायला गेला, की त्याच्या नोंदणीला फिफाचे अल्पवयीनांसाठीचे नियम लागू होऊ शकतात. २०१५ पासून या नियमांची वयोमर्यादा बारावरून दहावर आली. नियमामागचे कारण चोख आहे: फुटबॉलच्या आमिषाने गरीब देशांतली मुले परदेशी नेऊन सोडून देणाऱ्या दलालांना आळा घालणे. पण त्यासाठी कुटुंब फुटबॉलसाठी देशांतर करून आलेले नाही हे सिद्ध करावे लागते, आणि मग मुलाच्या पासपोर्टच्या पाठोपाठ आईवडिलांचे पासपोर्ट, व्हिसा, नोकरीची आणि राहत्या घराची कागदपत्रे मागितली जातात. ब्रिटिश पासपोर्टवर आईवडिलांची नावे नसतात. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ती आणि घरचा पत्ता छापण्याची पद्धत राहिली आहे. म्हणजे एकाच संघातल्या दोन मित्रांपैकी एकाच्या घरची सारी कुंडली क्रीडासंस्थेकडे जाते. इथे निर्णय क्लबपासून दूर बसलेल्या अधिकाऱ्यांनी घ्यायचा असल्याने कागद पाठवावेच लागतील, हे मी मान्य करतो. पण ते क्लबच्या सचिवाच्या फोनमधून जाण्याचे कारण नाही. पालकांनी थेट संघटनेच्या सुरक्षित खात्यात चढवावेत, क्लबला फक्त मंजुरी कळावी. मंजुरीनंतर आईवडिलांच्या नोकरीची कागदपत्रे किती दिवसांत पुसली जातील ते अर्जावर छापलेले असावे, आणि पाच वर्षे सलग या देशात राहिलेल्या मुलाला नियमातच जी सवलत आहे, ती त्याने मागण्याची वाट न पाहता क्लबने सांगावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून इथे आहे. हंगामाची नोंदणी उन्हाळ्यात सुरू होते. त्याआधी मंडळाने पालकांना एवढे पानभर मराठीत लिहून दिले की कोणता कागद दाखवायचा, कोणता द्यायचा आणि कोणता मागितला तरी द्यायचा नाही, तर काउंटी संघटनांकडे या कुटुंबांतून पहिले लेखी प्रश्न जायला सुरुवात होईल.